जेंटू टाकू की फंटू? जुन्या लॅपटॉपवर सोर्समधून लिनक्स बांधणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे सांगलीचे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हातात सेकंडहँड लॅपटॉप, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. उबंटू वापरून झालं, आर्च वापरून झालं, आता सोर्समधून, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड आपल्याच मशीनवर कंपाइल करून, सगळं बांधणारी डिस्ट्रो (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचीय. कॉलेजच्या सीनियरचं म्हणणं असं की जेंटूच्या नादाला लागू नकोस, फंटू टाक, जेंटू ज्याने सुरू केलं त्यानेच ती नंतर काढलीय, जास्त फास्ट, जास्त सोपी आणि सिस्टमडीची (बूट होताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) कटकट नाही. पण फंटूच्या गाइडमधल्या डाउनलोडच्या लिंका उघडत नाहीयेत, आणि घरच्यांना भीती की रात्रभर कंपाइल करून लॅपटॉप जळून जाईल.

सरळ उत्तर आधी देतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते कामाला लागतील: जेंटू टाका. फंटूचा प्रकल्प बंद करत असल्याचं, दोन्ही डिस्ट्रो सुरू करणाऱ्या डॅनियल रॉबिन्सने जुलै २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं, लिंकांचा गोंधळ त्याच्यामुळे आहे, तुमच्या हातून काही राहिलेलं नाही. फंटूच्या मंडळींपैकी काहींनी मॅकरोनी ओएस नावाने काम पुढे चालू ठेवलंय, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

आता कारण नीट सांगतो. "बंद पडली म्हणून नको" एवढंच सांगून थांबलो तर उद्या तुम्ही अशीच दुसरी कुठली तरी छोटी सोर्सवाली डिस्ट्रो बघाल आणि परत तोच प्रश्न पडेल, आणि तुमचा सीनियर काही उगाच बोलत नव्हता, तो पाच-सहा वर्षांपूर्वीचं खरं चित्र सांगत होता. मी पुण्यात एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, दोन्ही डिस्ट्रो कामासाठी वापरल्यात, त्यामुळे फंटूबद्दल मला मनापासून आदर आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मुळात दोन्हीचं रक्त एकच. रॉबिन्सने १९९९ च्या सुमारास ईनॉक नावाने डिस्ट्रो सुरू केली, पुढे तिचं नाव जेंटू झालं, १.० आलं मार्च २००२ मध्ये. २००४ ला तो बाहेर पडला, आणि २००८ मध्ये त्याने फंटू काढली. दोन्हीकडे पॅकेज बांधणारं पोर्टेजच, दोन्हीकडे ईबिल्ड (एखादं पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल), यूज फ्लॅग (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करायचे स्विच), वर्ल्ड फाइल (तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजची यादी) सगळं तेच, जेंटूवर हात बसलेला माणूस फंटूवर बसला तर तासाभरात रुळायचा. मग फरक कशात होता? तर रॉबिन्सला जेंटूमधल्या ज्या गोष्टी खटकत होत्या, समितीने निर्णय घेण्यात जाणारा वेळ, जुनी यंत्रणा, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कर्नलच्या (सिस्टमचा गाभा) मेन्यूत सोडून देणं, त्या त्याने आपल्या घरात बदलून घेतल्या. ईबिल्डचं अख्खं झाड, म्हणजे सगळ्या ईबिल्डचा साठा, गिटमध्ये ठेवणं हे फंटूने पहिल्यापासून केलं, जेंटू त्या वेळी सीव्हीएस या त्याच कामाच्या जुन्या साधनावर होतं आणि गिटवर यायला त्यांना ऑगस्ट २०१५ उजाडलं. फंटूची स्टेज थ्री (इन्स्टॉलची सुरुवात जिच्यापासून होते ती तयार मूळ सिस्टम) तुमच्या प्रोसेसरच्या पिढीनुसार वेगळी मिळायची, स्कायलेकला वेगळी, झेनला वेगळी, आणि तिच्यात डेबियनच्या पॅचवाला कर्नल तयार बांधून यायचा, म्हणजे पहिल्या बूटपर्यंत कर्नल कॉन्फिगर करायची गरजच नाही. बूट मेन्यूसाठी एका छोट्या फाइलीत चार ओळी लिहायच्या, बूट-अपडेट कमांड चालवायची, झालं.

आणि मिक्स-इन. ही फंटूची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जेंटूत प्रोफाइल (मूळ सेटिंगचा संच) एकच निवडायचं असतं, डेस्कटॉप, किंवा डेस्कटॉप-ग्नोम-सिस्टमडी असं एका साखळीतलं. फंटूत फ्लेवर निवडायचा आणि त्याच्यावर हवे ते तुकडे चढवायचे, ग्नोमचा तुकडा, इंटेल ग्राफिक्सचा तुकडा, आवाजाचा तुकडा, नको झाला की काढून टाकायचा. यूज फ्लॅगच्या जंगलात नवीन माणसाला एवढी साफ वाट मी दुसरीकडे बघितलेली नाही.

तर मग एवढं चांगलं होतं तर जेंटूच का, बंद पडायच्या आधीही मी नवीन माणसाला जेंटूच का सांगायचो? इथे खरा मुद्दा येतो. तुम्ही विचारलंय "कुठली जास्त फास्ट, कुठली जास्त सोपी", पण सोर्सवाल्या डिस्ट्रोत तुम्ही खरं तर निवडता ते झाड, आणि ते झाड रोज कोण राखतंय ते. ईबिल्ड म्हणजे पाककृती आणि ती शिजवायची चूल तुमच्या घरात, त्यामुळे पाककृती शिळी झाली की त्रास थेट तुम्हाला. बायनरी डिस्ट्रो बंद पडली तरी तिची जुनी आयएसओ निदान इन्स्टॉल होते, आतले प्रोग्राम आधीच बांधलेले असतात. सोर्सवालीचं तसं नाही. तिला दरवेळी इंटरनेटवरून कुठल्या तरी प्रकल्पाचा टारबॉल (सोर्सची बांधलेली गठडी) आणावा लागतो, तो आज तुमच्याकडे असलेल्या कंपायलरने, आज असलेल्या लायब्ररींवर बांधावा लागतो, आणि यातली एकही गोष्ट जागेवर थांबलेली नसते.

एक उदाहरण जवळून बघू म्हणजे हे पोकळ वाटणार नाही. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हे कंपायलर आलं. त्याच्यात एक बदल असा की सी भाषेतल्या काही ढिल्या सवयी, म्हणजे जाहीर न केलेलं फंक्शन तसंच वापरणं, प्रकार न लिहिणं, एका प्रकारचा पॉइंटर दुसऱ्याच्या जागी देणं, यांच्यावर आधी नुसती वॉर्निंग यायची ती आता सरळ एरर झाली. बदल चांगलाच आहे, पण नव्वदच्या दशकातला आणि दोन हजारच्या सुरुवातीचा किती तरी कोड असा आहे, आणि त्याहून त्रासाचं म्हणजे जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट. कॉन्फिगर स्क्रिप्ट काय करते, छोटा सी प्रोग्राम बांधून बघते आणि तो बांधला गेला नाही तर "हे फीचर या सिस्टमवर नाही" असं समजून गप पुढे जाते. म्हणजे बिल्ड फेल पण होत नाही, प्रोग्राम तयार होतो, फक्त त्यातला एखादा भाग आतून गायब. हे शोधायला कुणी तरी बसून हजारो पॅकेज नवीन कंपायलरने बांधून, लॉग तपासून, पॅच लिहून, मूळ लेखकांकडे पाठवावे लागतात. जेंटूच्या मंडळींनी हे काम जीसीसी १४ यायच्या कितीतरी आधीपासून, क्लँग १६ या दुसऱ्या कंपायलरच्या वेळेपासून चालवलं होतं. त्या पॅचचा फायदा पुढे बाकीच्या डिस्ट्रोंनाही झाला. झाड राखणं म्हणतो ते हे, आणि जेंटूच्या झाडात १९ हजारांच्या आसपास पॅकेज आहेत. मूठभर माणसांच्या टीमने, कितीही हुशार असोत, हे कायम ओढायचं म्हणजे कमाल आहे. फंटूने त्याच्यासाठी ईबिल्ड आपोआप तयार करणारी साधनं बनवली होती, नवीन आवृत्ती आली की ईबिल्ड तयार, खूप हुशारीचं काम, पण आवृत्तीचा नंबर बदलणं वेगळं आणि बिघडलेला बिल्ड दुरुस्त करणं वेगळं.

दुसरं उदाहरण सुरक्षेचं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक्सझेड युटिल्सच्या (फाइली दाबून लहान करणारं साधन) ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा ठेवलाय हे उघड केलं. सोर्सवाली डिस्ट्रो वापरणाऱ्या खूप जणांना वाटतं की आपण सोर्समधून बांधतो म्हणजे आपण आपोआप सुरक्षित. इथे नेमकं उलट शिकायला मिळालं, कारण तो सापळा सुरू करणारी स्क्रिप्ट गिटच्या सोर्समध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, आणि ईबिल्ड आणतात तो टारबॉलच. जेंटूवाल्यांवर थेट परिणाम झाला नाही याची कारणं वेगळी: तो कोड डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जातंय का हे तपासून मगच आत शिरायचा, आणि जेंटूमध्ये ओपनएसएसएचला (दुरून लॉगिन करायचं साधन) सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडणारा पॅच लावत नाहीत. तरीही जेंटूच्या टीमने त्या आवृत्त्या ताबडतोब मास्क केल्या (इन्स्टॉल होण्यापासून रोखल्या), जुन्या आवृत्तीवर परत आणलं, सूचना काढली. सिंक करून, म्हणजे झाडाची ताजी प्रत आणून, अपडेट मारलं की तुमच्या मशीनवरून ती आवृत्ती गेली. रात्री-अपरात्री उठून हे करणारं कुणीतरी आहे का, हा प्रश्न डिस्ट्रो निवडताना पहिला विचारायचा.

फंटू बंद झाल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगतो. एका छपाईवाल्या ग्राहकाकडे फंटूवर फाइल सर्व्हर चालत होता, छान चालत होता, वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. घोषणेनंतर त्यांनी विचारलं की चालतोय तसा चालू द्यायचा का. चालू तर राहणारच, ज्या दिवशी झाड थांबतं त्या दिवशी मशीन थोडीच थांबते, पण ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) किंवा सांबात (फाइल शेअर करणारा प्रोग्राम) पुढचं भोक सापडलं की दुरुस्ती येणार नाही, आणि आपण हाताने ईबिल्ड लिहायला गेलो तर त्याला लागणारी लायब्ररी नवीन, तिला लागणारी अजून नवीन, असं करत अख्खं झाड आपणच सांभाळत बसणार. म्हणून जेंटूवर नेला. जागच्या जागी फंटूचं जेंटू करण्याच्या भानगडीत पडलो नाही, दोन्हीची झाडं इतक्या वर्षांत एवढी वेगळी झालीयेत की मूळ लायब्ररींच्या आवृत्त्या, प्रोफाइल, इनिटच्या नेटवर्क स्क्रिप्ट सगळं अर्धवट जुळतं. नवीन डिस्कवर जेंटूची स्टेज थ्री उघडली, जुन्या मशीनवरची वर्ल्ड फाइल समोर ठेवून एकेक ओळ बघत लागेल तेवढंच घेतलं, सांबाची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी चालली, नेटवर्क मात्र नव्याने लिहावं लागलं कारण फंटूची ती पद्धत पूर्ण वेगळी होती. ज्यांच्याकडे अजून फंटू चालू आहे त्यांनी हेच करा, आणि होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

आता सीनियरच्या तीन मुद्द्यांकडे येऊ, कारण तिन्हीची परिस्थिती आज बदललीय.

फास्ट. प्रोसेसरनुसार बांधलेली सिस्टम वेगवान असते हे ऐकायला पटतं, पण रोजच्या वापरात फरक फार थोडा पडतो, बहुतेक वेळा जाणवत पण नाही. कारण जिथे खरोखर वेग लागतो, व्हिडिओ, एन्क्रिप्शन, तिथे एफएफएमपेग किंवा ओपनएसएसएल स्वतःच चालताना प्रोसेसर ओळखतात आणि त्याच्यासाठी हाताने लिहिलेलं असेंब्ली वापरतात, मग तुम्ही उबंटूवर असा किंवा जेंटूवर. सोर्समधून बांधल्याचा खरा फायदा वेगळा आहे: नको ते बाहेर ठेवता येतं, हवं ते पॅच करता येतं, आणि कुठलं पॅकेज कशावर उभं आहे हे डोक्यात बसतं. तुम्हाला वेगासाठी हे करायचं असेल तर मी स्पष्ट सांगतो, करू नका, आर्च उत्तम आहे, ८ जीबी रॅमवर तिथेच सुखात राहाल. शिकण्यासाठी करायचं असेल तर पुढे वाचा.

सोपी. इथे फंटू पुढे होती हे मान्य, पण जेंटूने मधल्या काळात बरंच अंतर कापलंय. तयार बांधलेला कर्नल आता जेंटूतही पॅकेज म्हणून मिळतो, जेंटू-कर्नल-बिन नावाने, आणि इन्स्टॉलकर्नल पॅकेजला ड्रॅकट आणि ग्रबचे यूज फ्लॅग दिले की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) आणि बूट मेन्यू दोन्ही आपोआप होतं. त्याहून मोठी गोष्ट, २९ डिसेंबर २०२३ ला जेंटूने अधिकृत बायनरी पॅकेज सुरू केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स८६-६४-व्ही३ साठी (त्यातल्या त्यात नव्या प्रोसेसरची पातळी) वेगळा संच आणला. तुमचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह व्ही३ मध्ये बसतो, एव्हीएक्स२ वगैरे सगळं त्याच्यात आहे. फंटूची प्रोसेसरनुसार स्टेज थ्री हे जे आकर्षण होतं त्याचं बरंचसं काम हा संच करतो. पोर्टेज आधी बघतं की तुमच्या यूज फ्लॅगशी जुळणारं तयार पॅकेज आहे का, असलं तर तेच उतरवतं, नसलं तर तुमच्याकडे बांधतं. म्हणजे फ्लॅग जेवढे मूळ प्रोफाइलच्या जवळ ठेवाल तेवढं कंपाइल कमी, जिथे मुद्दाम वेगळं हवंय तिथेच वेळ जाणार.

सिस्टमडी. जेंटूत दोन्ही चालतं, स्टेज थ्री निवडतानाच ठरवायचं, ओपनआरसी की सिस्टमडी. ओपनआरसी तर जन्मालाच जेंटूत आलेलं आहे. एकेकाळी ग्नोम सिस्टमडीशिवाय चालवणं हे फंटूचं वेगळेपण होतं, आता ईलॉगिनडीच्या (सिस्टमडीतून वेगळा काढलेला लॉगिनचा भाग) जोरावर जेंटूत ओपनआरसीवर ग्नोम आणि केडीई दोन्ही चालतात. तुम्ही आर्चवरून येताय म्हणजे सिस्टमडीची सवय आहे, माझा सल्ला की शिकायचंच आहे तर ओपनआरसी घ्या, सर्व्हिस कशी सुरू होते ते साध्या शेल स्क्रिप्टमध्ये वाचता येतं.

मिक्स-इनची उणीव मात्र जेंटूत आजही आहे. त्याला एक चांगला मार्ग आहे जो फार लोक वापरत नाहीत: इटीसी-पोर्टेजमधलं मेक-प्रोफाइल हे सिमलिंकच असलं पाहिजे असं नाही, ते साधं फोल्डर असू शकतं आणि त्यात पेरेंट नावाची फाइल ठेवून एकाखाली एक हवे ते प्रोफाइल लिहिता येतात. वर जेंटूचं डेस्कटॉप प्रोफाइल, खाली तुमचं स्वतःचं छोटं प्रोफाइल ज्यात तुमचे फ्लॅग. मी ऑफिसच्या सगळ्या मशीन अशाच ठेवल्यात. पण हे पहिल्या महिन्यात नको, आधी साधं प्रोफाइल वापरून काय कुठून येतं ते बघा.

आता तुमच्या मशीनचं. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे, म्हणजे हा एकच लॅपटॉप आहे का, सबमिशनच्या आदल्या रात्री तो चालू असणं किती गरजेचं आहे, घरी वायफाय आहे की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवताय. एकच लॅपटॉप असेल तर आर्च काढू नका, एसएसडीवर ८० जीबी वेगळी काढून तिथे जेंटू बसवा, आणि आर्चमधूनच स्टेज थ्री उघडून क्रूट करा, म्हणजे चालू सिस्टममधूनच नव्या सिस्टमच्या आत शिरा. ब्राउझर चालू ठेवून, हँडबुक समोर उघडं ठेवून बसवता येतं, पेनड्राइव्हची पण गरज नाही.

रॅम ८ जीबी आहे ही तुमची खरी मर्यादा. जेंटूच्या हँडबुकचा हिशोब असा की मेकच्या (कंपाइल चालवणारं साधन) प्रत्येक जॉबमागे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामामागे, २ जीबी रॅम धरायची, म्हणजे चार जॉबच्या वर जाऊ नका, आणि डेस्कटॉप चालू असताना बांधत असाल तर तीनच ठेवा. चार कोर आठ थ्रेड आहेत म्हणून आठ लिहिलं की मोठं सी-प्लसप्लस पॅकेज लागलं की मशीन स्वॅपमध्ये जाऊन माउस पण हलणार नाही. पोर्टेजचं तात्पुरतं फोल्डर रॅममध्ये ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल, तो जास्त रॅमवाल्यांसाठी आहे, तुम्ही ते एसएसडीवरच राहू द्या. क्रोमियम, क्यूटी वेबइंजिन, वेबकिट, एलएलव्हीएम, रस्ट, लिब्रेऑफिस ही मंडळी जड. फायरफॉक्स-बिन, लिब्रेऑफिस-बिन, रस्ट-बिन ही तयार पॅकेज झाडात आहेत, ती बिनधास्त घ्या, त्यात कमीपणा काही नाही, लिब्रेऑफिस स्वतः बांधून तुम्हाला नवीन काही कळणार नाही. बाकी जी जड पॅकेज स्वतः बांधावीच लागतील त्यांच्यापुरते जॉब कमी करायला पॅकेज-एन्व्ह वापरा, सगळ्यांचा वेग कमी करायची गरज नाही. आणि मेक-कॉन्फमध्ये (पोर्टेजची मुख्य सेटिंग फाइल) पोर्टेजची शेड्युलिंग पॉलिसी आयडल करून ठेवा, मग मागे कंपाइल चालू असताना पुढे पीडीएफ वाचता येते.

लॅपटॉप जळेल का. नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि फारच तापला तर मशीन बंद होते, ते संरक्षण हार्डवेअरमध्ये आहे. पण सेकंडहँड लॅपटॉप आहे म्हणजे आत धूळ असणार आणि थर्मल पेस्ट वाळलेली असणार, कंपाइल सुरू करायच्या आधी एकदा उघडून पंखा साफ करा, नवीन पेस्ट लावा, उन्हाळ्यात गादीवर ठेवून रात्रभर चालवू नका, खाली हवा जाईल असं ठेवा. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, उष्णता आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की बॅटरी लवकर म्हातारी होते. एसएसडी झिजेल अशी भीती पण दाखवतात, स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) महिन्याला एकदा आकडा बघत जा म्हणजे स्वतःच समाधान होईल.

लाइट गेली तर? हे कुणी लिहीत नाही आणि आपल्याकडे ते लिहायलाच पाहिजे. पोर्टेज आधी सगळं बाजूच्या फोल्डरमध्ये बांधतं, तिथेच एका खोट्या रूटमध्ये इन्स्टॉल करतं, आणि शेवटच्या टप्प्यात ते खऱ्या सिस्टमवर उतरवतं. म्हणजे कंपाइल चालू असताना मशीन बंद पडली तर चालू सिस्टमला धक्का लागत नाही, परत सुरू करून इमर्जला (पोर्टेजची कमांड) रिझ्यूम म्हणायचं, जे पॅकेज अर्धवट होतं ते पहिल्यापासून होईल, आधीची झालेली झालीच. लॅपटॉपला बॅटरी आहे त्यामुळे तुम्हाला चिंता अजूनच कमी. फक्त वायफायचा राउटर बंद पडतो आणि पुढचा टारबॉल उतरत नाही, म्हणून मोठं अपडेट असेल तेव्हा आधी फक्त फेच करून घ्या, सगळे सोर्स एकदम उतरवा, मग बांधायला लावा. मोबाइल डेटावर असाल तर रात्रीच्या उरलेल्या पॅकमध्ये हे फेचचं काम उरकता येतं.

मराठीबद्दल एक गोष्ट जी इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही. हलकी सिस्टम करायच्या नादात मुलं मेक-कॉन्फमध्ये वजा-एनएलएस, वजा-हे, वजा-ते अशी लांबलचक यादी लिहितात. एनएलएस काढलं की प्रोग्राममधली भाषांतरंच बांधली जात नाहीत, मग मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) लावून काही उपयोग नाही. एल१०एनमध्ये एमआर लिहून ठेवा, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचा मराठी पॅक त्याच्यावरून येतो, लोकेल-जेनमध्ये एमआर-आयएन घाला, टायपिंगला आयबस आणि त्याचं एम१७एन इंजिन. दुसरं, इमेजमॅजिक, म्हणजे कमांडने चित्रं घडवायचं साधन. स्क्रिप्टमधून चित्रावर मराठी नावं छापायची असतील, सर्टिफिकेट वगैरे, तर त्याचा पँगो (अक्षरं नीट जुळवून मांडणारी लायब्ररी) फ्लॅग चालू करा आणि मजकूर पँगोमार्फतच टाका. तो मार्ग नसेल तर अक्षरं जशी टाइप झाली त्या क्रमाने नुसती एकापुढे एक मांडली जातात, "किरण" मधली पहिली वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी नंतर लटकते आणि जोडाक्षरं हलंत होऊन तुटतात. कॉलेजच्या फेस्टची सर्टिफिकेट अशी छापलेली मी बघितली आहेत, मुलांना वाटत होतं फाँट खराब आहे. फाँट ठीक होता, फ्लॅग नव्हता. यूज फ्लॅग म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं कुठे कळणार नाही.

थोडक्यात परत: फंटू नको कारण तिचं झाड थांबलंय, जेंटू घ्या कारण तिच्यामागे निवडून आलेली सात जणांची कौन्सिल आहे, मोठी टीम आहे, एखादा माणूस दमला किंवा निघून गेला तरी काम चालू राहतं. ओपनआरसीची डेस्कटॉप स्टेज थ्री, तयार कर्नल, व्ही३ ची बायनरी पॅकेज चालू, जॉब तीन किंवा चार, आणि आर्च शेजारी तसंच राहू द्या.

बसवून झाल्यावरची सवय सांगून थांबतो. आठवड्यातून एकदा सिंक करा, जास्तीत जास्त दोन आठवडे, त्याच्यापुढे लांबवू नका, कारण सहा महिने न केलेलं अपडेट सोडवायला जेवढा त्रास होतो तेवढा नवीन इन्स्टॉलला होत नाही. सिंक झालं की आधी ई-सिलेक्टने बातम्या वाचा, प्रोफाइल बदलणं वगैरे मोठं काही असेल तर तिथे पायऱ्या लिहिलेल्या असतात, मार्च २०२४ मध्ये २३.० प्रोफाइल आलं तेव्हा ज्यांनी त्या पायऱ्या क्रमाने केल्या त्यांचं काम विनातक्रार झालं. मग वर्ल्ड अपडेट, मग डिस्पॅच-कॉन्फने कॉन्फिग फाइलींचे बदल एकेक वाचून स्वीकारा, मग डेपक्लीन (नको झालेली पॅकेज काढणं), तेही आधी प्रिटेंड लावून यादी बघून. कुठे अडलात तर एररच्या शेवटच्या दोन ओळी टाकू नका, बिल्ड लॉग पूर्ण आणि इमर्जचा इन्फो दोन्ही टाका, पहिली खरी एरर नेहमी वरती कुठेतरी असते.